पाइपातलं पाणी गोठलं तर: नळ उघडा ठेवण्यापासून गळती शोधण्यापर्यंत

रात्रभर कडाक्याची थंडी पडली, सकाळी नळ सोडला आणि थेंबही आला नाही. अशा वेळी हात आपोआप नळ बंद करायला जातो. तो बंद करू नका, उघडाच राहू द्या. ज्या ज्या नळाला पाणी नाही, तो प्रत्येक नळ उघडा ठेवा, गरम पाण्याचाही आणि गार पाण्याचाही. यामागचं कारण थोड्या वेळात येईलच. आधी पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते पाहू.

पाणी खरंच गोठलंय का, याची खात्री करा. टाकी रिकामी असेल, पंप बंद पडला असेल किंवा पुरवठाच बंद असेल, तर तुम्ही तासभर भिंत शेकत बसाल आणि हाती काही लागणार नाही. शेजाऱ्यांकडे पाणी येतंय का विचारा, टाकीत डोकावून बघा.

मग घराचा मुख्य व्हॉल्व्ह गाठा. तो कुठे आहे हे माहीत नसेल, तर तो शोधणं हेच आजचं पहिलं काम. फिरतो का ते हळूच बघा. वर्षानुवर्षं न हललेले व्हॉल्व्ह जाम होतात आणि पाण्याचा फवारा उडत असताना पाना शोधण्याची वेळ येऊ नये.

तिसरं काम गीझरचं. साठवणीचा गीझर असो की तात्काळ पाणी तापवणारा, तो बंद करा. पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या दोन्ही वाटा बर्फाने बुजल्या असतील, तर तापलेल्या पाण्याच्या दाबाला जायला जागाच उरत नाही. सुरक्षा व्हॉल्व्ह असतो हे खरं, पण त्याची बाहेर काढलेली नळीही त्याच थंडीत गोठलेली असू शकते. पाणी व्यवस्थित वाहू लागेपर्यंत गीझरला हात लावू नका.

मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा की चालू ठेवायचा?

यावर दोन मतं ऐकायला मिळतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पुरवठा चालू असला की बर्फाला बारीकशी वाट मिळताच पाणी वाहू लागतं, आणि वाहतं पाणी उरलेला बर्फ झपाट्याने वितळवतं. पण पाइप आधीच फाटलेला असेल, तर तेच वाहतं पाणी घरभर होतं. त्यामुळे मी असं ठरवेन: गोठलेला भाग डोळ्यांना दिसतोय, त्याला फुगवटा किंवा चीर नाही आणि व्हॉल्व्हपाशी उभं राहायला एक माणूस आहे, तर पुरवठा चालू ठेवा. पाइप भिंतीत किंवा छतात असेल, तुम्ही घरात एकटे असाल किंवा मनात जराही शंका असेल, तर व्हॉल्व्ह बंद करूनच कामाला लागा. पुरवठा बंद ठेवल्याने वेळ थोडा जास्त जातो, एवढंच.

पाइप नेमका का फुटतो

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्के वाढतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यावरून आपण धरून चालतो की बर्फ फुगतो आणि पाइपाला आतून फाडतो. काही वेळा तसं होतंही, पण बहुतेकदा गोष्ट वेगळी असते. पाइपात एका ठिकाणी बर्फाचा बोळा तयार होतो आणि तो पाइपाच्या लांबीच्या दिशेने वाढत जातो. पुरवठ्याच्या बाजूचं पाणी मागे सरकू शकतं, त्यामुळे तिकडे काही बिघडत नाही. नळाच्या बाजूला मात्र पाणी बर्फ आणि बंद नळ यांच्या मधे कोंडलेलं असतं. पाणी दाबून लहान होत नाही. बर्फ जसजसा पुढे सरकतो, तसतसा त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब नेहमीच्या दाबाच्या कित्येक पट होतो आणि जो भाग सगळ्यांत कमकुवत असेल तो फाटतो. जोड, एल्बो (वळणावरचा कोपऱ्याचा जोड), जुना गंजलेला तुकडा, काहीही. म्हणूनच चीर अनेकदा बर्फाच्या जागी न सापडता तिथून बऱ्याच अंतरावर, कधी कधी उबदार खोलीतल्या पाइपावर सापडते.

नळ उघडा ठेवायचा तो यासाठी. कोंडलेल्या पाण्याला वाट मिळाली की दाब चढतच नाही. बर्फ तसाच राहील, पण पाइप वाचेल.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी अनेकांना महागात पडते. पाइप फाटलेला असला तरी बर्फ असेपर्यंत गळती दिसत नाही, कारण बर्फाचा बोळाच बुचासारखा बसलेला असतो. पाणी येतं ते बर्फ वितळल्यावर. दुपारी ऊन पडलं, पाइप आपोआप मोकळा झाला, आणि घरात कुणीच नाही, ही सगळ्यांत वाईट वेळ.

पाणी 0 अंशाला पोचताच गोठतं असंही नाही. स्थिर पाणी पाइपात काही अंश खाली जाऊनही द्रव राहतं आणि मग एकदम बर्फाच्या बारीक सुया पाइपभर पसरतात. म्हणून थोडाच बर्फ असूनही प्रवाह पूर्ण थांबू शकतो. बाहेरचं तापमान उणे 6 ते 7 अंशांवर गेलं की उघड्यावरचे, न गुंडाळलेले पाइप गोठण्याचा धोका खरा सुरू होतो, असा साधारण अंदाज आहे. फटीतून वारा थेट पाइपावर येत असेल, तर त्याआधीही.

गोठलेली जागा शोधणं

आधी कोणकोणते नळ बंद पडलेत ते बघा. एकच नळ कोरडा असेल, तर अडथळा त्याच नळाकडे येणाऱ्या फाट्यावर आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याखालचा पाइप बाहेरच्या भिंतीला लागून असतो, तो नेहमीचा संशयित. एका मजल्यावरचे सगळे नळ गेले असतील, तर त्या मजल्याकडे चढणारा पाइप बघा. गार पाणी येतंय पण गरम कुठेच येत नाही, म्हणजे अडथळा गीझरमध्ये पाणी आणणाऱ्या किंवा त्यातून बाहेर नेणाऱ्या पाइपात. संपूर्ण घर कोरडं असेल, तर मीटरपासून घरात शिरेपर्यंतचा भाग किंवा टाकीतून निघणारा मुख्य पाइप.

दिशा कळली की पाइपावरून हात फिरवत जा. गोठलेला भाग शेजारच्या भागापेक्षा स्पष्टपणे गार लागतो. त्यावर पांढरं दव गोठलेलं असू शकतं. धातूच्या पाइपाला कधी हलकासा फुगवटा येतो, तो दिसला तर तिथला तुकडा पुढे बदलावाच लागणार हे धरून चाला. दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काम सोपं होतं, पण चकचकीत तांब्यावर तो हमखास चुकीचा आकडा दाखवतो. पाइपावर काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावा आणि त्यांच्यावर मोजा.

संशय घ्यायच्या जागा ठरलेल्या आहेत: बाहेरच्या भिंतीतून पाइप जिथे आरपार जातो ते भोक, माळा, जिन्याखालची जागा, गॅरेज, गच्चीवरचे उघडे पाइप, वळणं आणि व्हॉल्व्ह. पाइप गुंडाळलेला असला तरी एल्बो आणि व्हॉल्व्ह उघडे सोडलेले असतात, आणि थंडी तिथूनच शिरते.

बर्फ वितळवणं

सुरुवात नळाच्या टोकाकडून करायची आणि हळूहळू गोठलेल्या भागाकडे सरकायचं. मधूनच शेकायला सुरुवात केली, तर दोन बाजूंच्या बर्फात वितळलेलं पाणी अडकतं. जास्त तापवलं तर त्याची वाफही होते, आणि दाबाचा तोच प्रश्न तुम्ही स्वतः तयार करता.

साधन म्हणून केस वाळवायचा हेअर ड्रायर सगळ्यांत बरा. तो सतत हलता ठेवा, एका जागी रोखून धरू नका. खाली पाणी साचलेलं असेल किंवा टपकत असेल, तर विजेचं कुठलंही साधन हातात घेऊ नका. अशा वेळी गरम पाण्यात बुडवून पिळलेले जाड टॉवेल पाइपाला गुंडाळा आणि गार झाले की बदला. कंटाळवाणं काम आहे, पण यात धोका जवळजवळ नाही. शेकायची गरम पाण्याची पिशवी किंवा विजेचं शेकण्याचं पॅडही चालतं, पॅड मात्र कोरड्या जागीच.

किती तापवायचं? तुमचा हात पाइपावर सहज टेकून राहील इतकंच. हा नियम विशेषतः प्लास्टिकच्या पाइपांसाठी. पीव्हीसी लवकर मऊ पडतो, सीपीव्हीसी त्याहून बरा, पण उकळतं पाणी ओतणं दोघांनाही मानवत नाही. शिवाय थंडीत प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. त्याला ठोकू नका, वाकवू नका.

धातू आणि प्लास्टिक यांत आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. तांबं उष्णता लांबवर वाहून नेतं, त्यामुळे एका जागी शेकलं तरी आजूबाजूचा बर्फही सुटतो. प्लास्टिक उष्णता जवळजवळ नेतच नाही. तिथे अडथळ्याची नेमकी जागा शोधून तिथेच ऊब द्यावी लागते.

वेळेबद्दल थोडा हिशेब. आतून 15 मिमी व्यासाच्या एक मीटर पाइपात साधारण 160 ग्रॅम बर्फ मावतो. तो वितळवायला सुमारे 54 किलोजूल लागतात, म्हणजे 1000 वॉटच्या ड्रायरची सगळी उष्णता पोचली तर एका मिनिटाचंही काम नाही. पण ती पोचत नाही. बहुतेक गरम हवा पाइपाला वळसा घालून निघून जाते. म्हणून अर्धा-एक तास लागला तर आपलं काही चुकतंय असं समजू नका. पाइपामागे ॲल्युमिनियमची फॉइल आडवी धरली की उष्णता थोडी तिथेच राहते आणि भिंतीचा रंगही वाचतो.

आता काय करायचं नाही. ब्लोटॉर्च, गॅसची उघडी ज्योत, मेणबत्त्या, पेटवलेला बोळा, यांपैकी काहीही नाही. पाइपामागचं लाकूड किंवा इन्सुलेशन आतल्या आत पेटतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तांब्याच्या जोडांमधलं डाकही ज्योतीने सुटतं. खोली तापवायला बंद दारांआड कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो. वेल्डिंग मशीनची तार जोडून धातूच्या पाइपातून वीज सोडायची युक्ती कुणी सुचवली तर हसून सोडून द्या. ती वीज पाइपाला जोडलेल्या कुठल्याही वाटेने जाऊ शकते, अर्थिंगच्या तारेतूनही, आणि आग कुठे लागेल याचा नेम नाही.

पाइप भिंतीत असेल तर लगेच छिन्नी-हातोडा काढू नका. त्या बाजूची खोली तापवा, ओट्याखालच्या कपाटांची दारं सताड उघडा, आतले डबे बाहेर काढा आणि पंख्याचा हीटर हातभर अंतरावरून भिंतीकडे रोखा. काही तास जातील. तेवढा वेळ कुणीतरी घरात आणि जागं असायला हवं. जमिनीखालचा पाइप गोठला असेल, तर तो तुमच्या आवाक्यातला विषय नाही. त्यासाठी वाफ किंवा गरम पाणी आत सोडणारी यंत्रं असतात, ती असलेला प्लंबर बोलवा.

बर्फ सुटू लागला की नळातून आधी फुसफुस येते, मग थेंब, मग अडखळती धार. इथे थांबू नका. धार नेहमीसारखी होईपर्यंत शेकत राहा, नाहीतर उरलेल्या बर्फाभोवती ती पुन्हा अडते.

धार सुरू झाल्यावरची तपासणी

माझ्या मते बर्फ वितळवण्यापेक्षा ही पायरी जास्त महत्त्वाची, आणि नेमकी हीच गाळली जाते, कारण पाणी आलेलं असतं आणि सगळ्यांना आंघोळीची घाई असते.

व्हॉल्व्ह बंद ठेवला असेल तर आता तो हळूहळू उघडा. सगळे नळ बंद करा. कोरडा टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जोड, एल्बो आणि व्हॉल्व्हभोवती फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. मग मीटरकडे जा. घरात एकही नळ चालू नसताना काटा फिरत असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. ते भिंतीतही असू शकतं. काही तासांनी पुन्हा तपासा. बारीक चिरेतून पाणी बाहेर यायला वेळ लागतो. एक पाइप गोठला असेल तर त्याच भिंतीतला दुसराही गोठलेला असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून घरातले सगळे नळ एकेकदा सोडून बघा.

गीझर सर्वांत शेवटी. त्याच्यातून गरम पाण्याच्या नळाला सलग, हवेविना धार येते आहे हे बघा आणि मगच बटण दाबा.

फुटलाच असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद. पाणी बोर्डाजवळ किंवा छतातल्या दिव्यांकडे जात असेल तर मेन स्विच बंद, पण त्यासाठी साचलेल्या पाण्यात उभं राहावं लागत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, वीज कंपनीला कळवा. मग सगळ्यांत खालचा नळ सोडून पाइपातलं पाणी काढून टाका. छत पाण्याने फुगलं असेल तर त्याखाली उभं राहू नका. तात्पुरता इलाज म्हणून चिरेवर रबराची पट्टी ठेवून दोन क्लॅम्पनी आवळता येते, किंवा स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळता येते. पाइप कोरडा असेल तर इपॉक्सी पुट्टीही बसते. प्लंबर येईपर्यंतच याचा उपयोग, तोही व्हॉल्व्ह अर्धवट उघडून. प्लंबर आला की त्याला फुगलेला भागही कापायला सांगा. फुगलेल्या तांब्याची भिंत पातळ झालेली असते आणि पुढच्या थंडीत तीच दगा देते.

पुन्हा गोठू नये म्हणून

लोक आधी फोमच्या नळ्या आणायला धावतात. मी आधी फटी शोधेन. भिंतीतून पाइप किंवा वायर जाण्यासाठी पाडलेली भोकं, खिडकीची सैल चौकट, माळ्याचं न बसणारं झाकण. पेटवलेल्या अगरबत्तीचा धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. ती सिलिकॉनने किंवा फवाऱ्याच्या फोमने बुजवा.

इन्सुलेशन ऊब तयार करत नाही, असलेली ऊब जायला उशीर लावतं, एवढंच त्याचं काम. एखादा न वापरला जाणारा पाइप दोन-तीन दिवस सलग गोठणबिंदूखाली राहिला, तर जाड वेष्टनातही तो गोठतो. बाहेरच्या भिंतीतल्या पाइपाबाबत एक चूक नेहमी होते: इन्सुलेशन पाइप आणि खोली यांच्या मधे भरलं जातं. त्याने खोलीची ऊब पाइपापर्यंत पोचणंच बंद होतं. ते पाइप आणि बाहेरची भिंत यांच्या मधे हवं. फोमच्या नळीची उभी चीर टेपने बंद करा, कोपऱ्यांवर तुकडे तिरके कापून जोडा आणि व्हॉल्व्हही झाका. गच्चीवर फोमवर ऊन लागून त्याचा भुगा होतो, त्यावर बाहेरून आवरण घाला. ओला झालेला काचलोकरीचा थर जवळजवळ निरुपयोगी असतो.

कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायचा उपाय खरोखर काम करतो. वाहतं पाणी सोबत थोडी ऊब आणतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाब साचू देत नाही. मुख्य पाइपापासून सगळ्यांत लांब असलेला नळ निवडा. फक्त सांडपाण्याचा पाइप उघड्यावरून जात असेल तर जरा सांभाळून. अगदी बारीक धार त्या पाइपात थरावर थर गोठत जाते आणि सकाळी नळाऐवजी मोरी तुंबलेली असते. अशी मोरी मोकळी करायला तुंबलेले पाइप साफ करायची रसायनं टाकू नका; गरम पाणी थोडं थोडं ओता.

विजेची तापणारी केबल घेणार असाल तर आपोआप नियंत्रित होणारी घ्या. साध्या केबलचा एक वेढा दुसऱ्यावर आला तर ती तिथे जळते. कुठलीही असो, पाकिटावर तुमच्या पाइपाचा प्रकार लिहिलेला आहे का बघा आणि दर हिवाळ्याआधी तिचं आवरण तडकलेलं नाही ना ते तपासा.

बागेच्या नळाचा होज काढून ठेवा. होज लावलेला राहिला तर त्यातलं पाणी नळात अडकून राहतं, आणि खास थंडीसाठी बनवलेले नळही त्यामुळे फुटतात. छतावरच्या सोलर हीटरचं तर गणितच वेगळं आहे. निरभ्र रात्री त्याचं पॅनेल आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतं आणि हवेपेक्षाही गार होतं. त्यामुळे थर्मामीटर 0 च्या वर असतानाही पॅनेलमधल्या तांब्याच्या नळ्या गोठू शकतात. गोठणरोधक द्रव भरलेली रचना नसेल, तर थंडीत पॅनेल रिकामं करा.

घर बंद करून जाणार असाल आणि आत कुणी नसेल, तर तापमान 13 अंशांखाली जाऊ देऊ नका. तेही शक्य नसेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, वरच्या मजल्यापासून सुरुवात करून सगळे नळ सोडा, फ्लशच्या टाक्या रिकाम्या करा, गीझर आणि पंपाच्या तळाचे ड्रेन प्लग उघडा. बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी उरतंच. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉलवालं, बिनविषारी गोठणरोधक ओता. गाडीच्या रेडिएटरचं नको, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि त्याच्या गोडसर चवीमुळे पाळीव जनावरं ते चाटतात. परत आल्यावर व्हॉल्व्ह उघडताना सगळे नळ उघडेच ठेवा, हवा निघून जाऊ द्या, आणि मग टिश्यू पेपर घेऊन एकदा सगळ्या जोडांवरून फिरा.